कॅमेरा पाहतो, राखण कोण करतो?



स्वच्छतेत आपलं इंदूर वर्षानुवर्षं देशात पहिलं. तरी 2025 च्या ऑगस्टअखेरीस एम. वाय. हॉस्पिटलच्या अतिदक्षता कक्षात दोन नवजात बाळांना उंदीर चावले. दोन्ही बाळं पुढे दगावली. कशाने, यावर वाद झाला. पण उंदीर कॅमेऱ्यात दिसले, तेही नंतर फुटेज पाहिल्यावर.

साधनेत आपण साक्षीभाव शिकतो. तो आपल्या मनातल्या विचारांपुरता. दुसऱ्याच्या लेकराची राखण करताना नुसतं साक्षी राहून चालत नाही, दिसलं की उठावंच लागतं.

हात धुतले का, फट बुजवली का, हे रोज विचारणाराही सेवाच करतो. त्याचा राग मानू नये. आपणही पेशंटला भेटायला गेलो, तर पलंगाखाली खरकटं ठेवू नये. उंदीर त्यालाच येतात.