मधल्या अवकाशाचा प्रश्न

सूर्याने १५ कोटी किलोमीटर अंतरावरून पृथ्वीला आपल्याभोवती फिरत ठेवावे आणि मधल्या अफाट पोकळीत या दोघांना जोडणारे काहीही दिसू नये, ही गोष्ट आज शाळकरी मुलेही बिनतक्रार मान्य करतात. परंतु ज्याने हा सिद्धांत जगाला दिला, त्या न्यूटनचे समाधान मात्र तिने कधीच झाले नव्हते. त्याच्या या असमाधानाचा पुढचा इतिहास त्याच्या सूत्राच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे, असे मला वाटते.

स्पर्शावाचून ढकलणे नाही, ही समजूत ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली होती. देकार्तने ग्रह सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्यांत वाहत असल्याचे प्रतिपादन केले, ते याच समजुतीच्या रक्षणासाठी. न्यूटनच्या १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ने हे भोवरे निकालात काढले. पृथ्वीवर सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० पृथ्वीत्रिज्या दूर आहे. तेव्हा आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, तर तेथे ते ३,६०० पटींनी क्षीण होऊन चंद्र सेकंदाला जेमतेम १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे ढळावयास हवा. वेधांवरून हिशेब केला, तो तितकाच ढळत असल्याचे आढळले. दगडाचे आणि चंद्राचे पडणे एकच ठरले.

असे असूनही १६९३ मध्ये रिचर्ड बेंटले या धर्मोपदेशकास लिहिलेल्या पत्रात, कोणत्याही माध्यमावाचून एका वस्तूने दूरच्या वस्तूवर पोकळीतून क्रिया करावी ही कल्पना विचारशील मनुष्याने स्वीकारण्याजोगी नाही, असे न्यूटनने निःसंदिग्धपणे नमूद केले. लायब्निट्झने त्याच्यावर गूढवादाचा आरोप ठेवला, तेव्हाही त्याने एखादे सोयीस्कर कारण रचले नाही. गुरुत्वाचे कारण आपणांस घटितांवरून काढता आलेले नाही आणि त्याविषयी आपण तर्क लढवीत नाही, एवढेच त्याने १७१३ च्या आवृत्तीत जाहीर केले. प्रश्न त्याने तहकूब केला, फेटाळला नाही.

त्याच्या अनुयायांनी मात्र तो दप्तरी दाखल करून टाकला. सूत्राचे यश इतके दांडगे होते, की यश म्हणजेच स्पष्टीकरण असे हळूहळू मानले जाऊ लागले; आणि १७८५ मध्ये कूलोंबने विद्युत्भारांमधील बलासही व्यस्त वर्गाचाच नियम लागू असल्याचे दाखविल्यावर दूरस्थ क्रियेच्या सनदेवर जणू दुसरी मोहोर उमटली.

१८२० मध्ये कोपेनहेगनच्या अर्स्टेडने विद्युत्प्रवाह असलेल्या तारेजवळ होकायंत्र ठेवले, तेव्हा सूची तारेकडे ओढली गेली नाही की दूर लोटली गेली नाही. ती तारेला आडवी वळली. दोन बिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषेवर बसविलेल्या साऱ्या व्यवस्थेत ही गोष्ट बसेना. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला आणि गणिताचे शिक्षण न लाभलेला मायकेल फॅरडे या कोड्याकडे वळला. कागदाखाली लोहचुंबक ठेवून वर लोखंडाचा कीस भुरभुरावा आणि कागदाला हलकी टिचकी मारावी, की कीस एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत कमानदार ओळींत मांडला जातो. हे दृश्य त्याच्यापूर्वीही पुष्कळांनी पाहिले होते. परंतु बाकीच्यांचे लक्ष ध्रुवांवर खिळलेले असताना फॅरडेने मधल्या जागेकडे पाहिले. रिकाम्या समजल्या गेलेल्या त्या जागेतच खरी घडामोड चालू आहे आणि चुंबकाचे सामर्थ्य तेथेही वसलेले आहे, ही त्याची धारणा उत्तरोत्तर दृढ होत गेली. गणितज्ञांना या बलरेषा कल्पनाविलास वाटल्या. मॅक्सवेलने मात्र त्यांतील गणित ओळखले आणि १८६५ मध्ये क्षेत्राची समीकरणे सिद्ध केली. त्यांतून निघालेल्या तरंगांचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळला; प्रकाश हाच विद्युत्चुंबकीय तरंग आहे असा निर्णय त्याने दिला, आणि १८८७-८८ मध्ये हर्ट्झने प्रयोगशाळेत तसले तरंग उत्पन्न करून त्यास पुष्टी दिली.

गुरुत्वाचा प्रश्न तेवढा मागे राहिला. फॅरडेने तारेची वेटोळी उंचावरून खाली सोडून गुरुत्वातून विद्युत् निघते का ते पाहिले. निघाली नाही, तरी त्याची श्रद्धा ढळली नाही. मॅक्सवेलनेही गुरुत्वाच्या माध्यमातील ऊर्जेचा हिशेब मांडून पाहिला, पण तो जुळेना, म्हणून तेथेच थांबला आणि तसे प्रांजळपणे लिहून ठेवले. अखेर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने अवकाश आणि काल यांची वक्रता हेच गुरुत्वक्षेत्र असल्याचे मांडले आणि बुधाच्या कक्षेतील शतकाला ४३ विकलांचा, न्यूटनच्या गणिताला न उलगडलेला फरक बिनचूक उलगडला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेले गुरुत्वतरंग आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांचा प्रवास करून अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर पोहोचले, तेव्हा गुरुत्वासही मधले अवकाश ओलांडावयास प्रकाशाइतकाच वेळ लागतो, याचा पुरावा हाती आला. असे तरंग टिपणारी, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. बेंटलेला लिहिलेल्या पत्रातील शंकेचा वारसा अशा रीतीने मराठवाड्याच्या मातीपर्यंत आला आहे.

हिशेब अचूक येणे आणि घटना उमगणे या दोन भिन्न सिद्धी आहेत. पहिली साधली की दुसरीची निकड भासेनाशी होते, आणि नेमके तेथेच ज्ञान खुंटते. गुरुत्वक्षेत्राचा पुंजवादाशी मेळ आजही बसलेला नाही. म्हणजे मधल्या अवकाशाविषयीचा जाब अजून पुरता मिळालेला नाही. म्हणून आपल्या शाळांतून गुरुत्वाचे सूत्र शिकविताना न्यूटनची शंकाही त्याच पानावर शिकविली जावी, आणि ‘मध्ये काय आहे?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेचे कारण सांगून गप्प बसविले जाऊ नये. जो प्रश्न तो विचारतो, तो खुद्द न्यूटनने आपल्यासाठी मागे ठेवलेला आहे.