मागे वळून पाहणारा परशुराम



आजचं वाचन : महाभारत, वनपर्व, अध्याय ११६. पांडव तीर्थयात्रा करत महेंद्र पर्वतावर पोचलेत आणि परशुरामाचा अनुयायी अकृतव्रण युधिष्ठिराला परशुरामाची गोष्ट सांगतोय.

गेल्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना आमच्या टीममधल्या एका पोराने मोबाईल पुढे केला. रील होतं. एआयने बनवलेला परशुराम, जिममधून नुकताच बाहेर आल्यासारखा, खांद्यावर परशू, मागे ढोल आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत : वडिलांच्या एका शब्दावर! पोरगं म्हणालं, "दादा, तुमचं देवस्थान माहूर ना? भारी आहे ना हे?" मी "भारी आहे" म्हणालो आणि पोळीचा तुकडा तसाच हातात राहिला.

माहूर आमच्या कुळाचं ठाणं. लग्न ठरताना "कुलदेवी कुठली?" विचारलं की उत्तर एका शब्दात : माहूर. साडेतीन पीठांतलं एक. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, सागाच्या जंगलातल्या डोंगरावर. इथे दर्शनाच्या रांगेत मराठवाड्याचे, विदर्भाचे, तेलंगणाचे लोक एकामागे एक उभे असतात. तिकडे कर्नाटकात सौंदत्तीला हीच रेणुका यल्लम्मा म्हणून पुजली जाते. इतक्या भाषांतून, इतक्या जातींतून लोक तिला आई म्हणतात. आणि तिचा लेक मात्र कुणाच्या गाडीवर जातीचा स्टिकर होऊन बसलाय, कुणाच्या डीपीला नुसता राग म्हणून.

म्हणून त्या रात्री अध्याय पुन्हा उघडला.

गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. रेणुका स्नानाला जाते, तिथे चित्ररथ राजाला जलक्रीडा करताना बघते आणि तिचं मन क्षणभर ढळतं. आश्रमात परतल्यावर जमदग्नीला ते कळतं. ते मोठ्या चार मुलांना, रुमण्वान, सुषेण, वसु आणि विश्वावसु यांना, एकेक करून सांगतात की आईला मारा. चौघे सुन्न होतात, बोलत नाहीत आणि शाप घेतात. मग धाकटा राम येतो, परशू उचलतो आणि आईचं मस्तक उडवतो.

रील इथे संपतं. अध्याय संपत नाही.

जमदग्नीचा राग लगेच ओसरतो आणि ते म्हणतात, हवं ते माग. आता परशुराम काय मागतो ते नीट बघा. पहिलं, आई जिवंत होऊ दे. दुसरं, आपला वध झाला हे तिला आठवू नये. मग, मला पाप लागू नये. भाऊ पूर्ववत व्हावेत. युद्धात कुणी बरोबरी करू नये आणि आयुष्य मोठं मिळावं, हे सगळ्यात शेवटी.

ज्या पोराची आज्ञापालनासाठी रील निघतात, तो तोंड उघडल्यावर पहिलं काय मागतो? आत्ताच केलेलं काम उलटं करा म्हणतो. आमच्या धंद्याच्या भाषेत आधी रोलबॅक, मग लॉग डिलीट. पण लॉग कुणाचा? आईचा. मलाही विसर पडू दे, असं त्याने मागितलेलं नाही. यादीत ते कुठेच नाही. आई विसरली. हे ओझं आयुष्यभर एकट्याने वाहायचं त्याच्याकडे राहिलं.

आणखी एक गोष्ट या वेळी पहिल्यांदा दिसली. या प्रसंगात रेणुकेच्या तोंडी एकही वाक्य नाही. नवरा तिच्याबद्दल बोलतो, मुलं गप्प राहतात, एक मुलगा शस्त्र उचलतो. तिला कुणी विचारत नाही आणि ती बोलत नाही.

पुढची गोष्ट माहूरची परंपरा सांगते. कार्तवीर्याचे मुलगे जमदग्नीला मारतात. परशुराम वडिलांचं शव आणि आईला कावडीत घालून निघतो, तो माहूरला थांबतो. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून तिथे अंत्यविधी होतात, रेणुका सती जाते. मातृतीर्थ आजही दाखवतात. नंतर आईच्या आठवणीने परशुराम रडायला लागतो, तेव्हा आकाशवाणी होते : आई जमिनीतून वर येईल, फक्त मागे वळून पाहू नकोस. त्याला राहवत नाही. तो वळतो. तोवर आईचं फक्त मुख वर आलेलं असतं. म्हणून माहूरला पूर्ण मूर्ती नाही. शेंदूर ल्यालेलं, मोठ्या डोळ्यांचं, आईचं नुसतं मुख आहे.

आमच्या घरात या गोष्टीचं तात्पर्य ठरलेलं होतं : घाई करू नये. वाफ जायच्या आत कुकरचं झाकण उघडायला गेलं की आजी हमखास परशुरामाचं उदाहरण द्यायची.

पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचा. पहिल्या वेळी त्याने आज्ञा तंतोतंत पाळली आणि आईचं मस्तक धडावेगळं झालं. दुसऱ्या वेळी त्याला आज्ञा पाळता आली नाही आणि आईचं मुख आपल्या सगळ्यांना मिळालं. हा अर्थ पोथीत लिहिलेला नाही, माझा आहे. चुकला असेल तर आई सांभाळून घेईल. पण मला तो सोडवत नाही, त्याला कारण आहे.

चार वर्षांपूर्वी बाबांनी ठरवलं की नांदेडचं घर विकायचं आणि दोघांनी पुण्याला माझ्याकडे यायचं. त्यांची तब्येत, दवाखान्याच्या खेपा, सगळं बरोबरच होतं. त्यांनी मला फोन केला. मी म्हणालो, "आईला मी सांगतो." पंधरा दिवसांत गिऱ्हाईक बघितलं, कागदपत्रं केली, टेम्पो ठरवला. आईला सांगितलं तेव्हा फक्त तारीख सांगायची राहिली होती. त्या घरात ती एकतीस वर्षं राहिली होती. अंगणात तिने लावलेला पारिजातक होता. नातेवाईक म्हणाले, पोरगा असावा तर असा, वडिलांचा शब्द खाली पडू दिला नाही.

आई काही बोलली नाही. इकडे आठव्या मजल्यावर रुळली, शेजारणी जोडल्या, गॅलरीत कुंडीत तुळस लावली. मी समजलो की ती विसरली. मला माझा वर मिळाला होता.

गेल्या वर्षी पौषात तिला माहूरला घेऊन गेलो. नवरात्रातली गर्दी तिला झेपत नाही. पायऱ्या चढताना मी पिशवी घेऊन पुढे आणि ती मागे. एका वळणावर मागे बघितलं तर ती पायरीवर बसली होती, गुडघे धरून. मी खाली उतरून शेजारी बसलो. पाणी दिलं. ती जरा वेळाने म्हणाली,

"तुला एक विचारायचं होतं रे. पारिजातक संगं नेता आला नसता, ते कळतं मला. घर इकावंच लागलं असतं, तेबी कळतं. पण मला इचारलं कामून नाही?"

"बाबा म्हणाले म्हणून..."

"ते म्हणाले. तू कुठं होतास?"

रागाने नव्हती बोलली. गुडघा दुखतोय हे सांगावं तशी सांगत होती. मला उत्तर आलं नाही. आजही पूर्ण आलेलं नाही. तिचा हात धरून उरलेल्या पायऱ्या चढलो, एवढंच.

गाभाऱ्यात उभा राहिलो आणि तेव्हा कळलं की इथे आईला हात नाहीत, पाय नाहीत, पण डोळे आहेत आणि तोंड आहे. महाभारताने तिला जे दिलं नाही, नेमकं तेच माहूरने वर काढून ठेवलंय. इथे तिला विडा देतात आणि कुटलेला तांबूल हाच प्रसाद. आईने तिच्या वाटणीचा तांबूल घेतला, अर्धा मोडून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "खा. खाली सांडू नको."

मित्रांनो, वडिलांचं ऐकू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. बाबांचा निर्णय चुकीचा नव्हता, माझी आज्ञाधारकता आळशी होती. एकाने सांगितलं, ते दुसऱ्यापर्यंत पोचवलं, मध्ये मी कुठेच नव्हतो. आज्ञा पाळणारा भक्त असतोच असं नाही. कधीकधी तो फक्त विचारायचं टाळत असतो. आणि त्या चार भावांसारखं नुसतं गप्प राहिल्यानेही आई वाचत नाही.

दुसरं म्हणजे, ज्याला आपण दुखावलं त्याने विसरून जावं, ही इच्छा आपल्या सोयीची असते. परशुरामाला तो वर मिळाला. आपल्याला मिळत नाही आणि बहुतेक ते बरंच आहे. आईला आठवत होतं म्हणून ती विचारू शकली. तिने विचारलं म्हणून मला तिच्या शेजारी बसता आलं. माफी मागायलाही समोरच्याची आठवण शाबूत लागते.

म्हणून परशुरामाचं चित्र लावायचंच असेल तर मला परशूवालं नको. मला तो माहूरच्या डोंगरावरचा हवा : रडून डोळे सुजलेला, पाहू नकोस सांगितलेलं असतानाही न राहवून आईकडे मान वळवलेला.

आजची साधना छोटीशीच. घरातल्या एखाद्या निर्णयाबद्दल "तिला मी सांगतो" असं तोंडात आलं, की तिथेच थांबायचं आणि "तिला मी विचारतो" म्हणायचं. आई असेल, आजी असेल, बायको असेल. आणि एखादा निर्णय विचारायचा राहूनच गेला असेल, तर आज रात्री फोन करा. ती आधी "जेवलास का?" विचारेल. तिथे फोन ठेवू नका.

उद्यापासून माहूरच्याच दत्तप्रभूंकडे वळू : भागवताचा अकरावा स्कंध, यदुराजा आणि अवधूताचा संवाद, चोवीस गुरू. पहिला गुरू पृथ्वी. जिच्या पोटातून आई वर आली, तीच.

बोला, रेणुकामाता की जय!