संथ तास
परवा बॉक्स हिलच्या चढावर एका आजोबांनी मला मागे टाकलं, आणि मी टाकू दिलं. ठोके १३० च्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत, असं ठरलेलं. शर्यतीची तयारी बरीचशी अशा संथ तासांतच होते. जोर आठवड्यातून एकदोनदा. घाम गाळला तरच कष्ट, हे आपलं बाळकडू. म्हणून पूर्वी रोज जीव तोडून सायकल हाणायचो, आणि शर्यतीत पायांत शिसं भरायचं.

आता पाय हलके असतात. पण संथ तास लांब असतात. रविवारचे चार तास मी शिस्त म्हणून मिरवतो. त्याच चार तासांत मुलं, घर, पुण्याहून येणारा माझ्या आईचा फोन, सगळं बायको सांभाळते. माझ्या कुठल्याच यंत्रात ते उमटत नाही.

तिला म्हटलं, पुढचा रविवार तुझा.

"आणि एप्रिलची शर्यत?"

मला उत्तर सुचलं नाही.