ऑपरेशन कोणीं करून घ्यावें?

हा विषय सहकुटुंब वाचल्या जाणाऱ्या पत्रांत काढावा कीं नाहीं, याविषयीं आम्हीं बराच विचार केला. संकोच आम्हांसहि वाटतो. परंतु पुरुष ज्या गोष्टीविषयीं संकोचानें गप्प बसतात, तिचा दंड बायकांच्या शरीरास भरावा लागतो, असें दिसल्यावर त्या संकोचास फार मान देण्याचें कारण नाहीं.

आपल्या खेड्यांत 'ऑपरेशन' असें नुसतें म्हटलें, तरी तें बाईचेंच असें सर्व समजतात. दुसरें किंवा तिसरें मूल झालें कीं आशाताई घरीं येतात, सासूबाई दिवस ठरवितात, माहेरीं निरोप जातो. या सर्व बोलण्यांत घरधन्याचें काम एवढेंच, कीं 'बरं' म्हणावें. त्याचेंहि ऑपरेशन होऊं शकतें ही गोष्ट कोणी मनांतसुद्धां आणीत नाहीं. सन २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ३८ जणींचें ऑपरेशन झालेलें आढळलें; ज्यांच्या पतीनें तें करून घेतलें होतें अशा शेंकडा एकहि नव्हत्या. त्याच पाहणींत शेंकडा सुमारें ३५ पुरुषांनीं, संततिनियमन हें बायकांचें काम आहे, पुरुषानें त्याची काळजी करूं नये, या म्हणण्यास रुकार दिला.

वैद्यकशास्त्राचें म्हणणें मात्र निराळें आहे. स्त्रीच्या बीजनळ्या पोटाच्या आंत असतात. त्या बांधावयाच्या तर पोटाची भिंत छेदून आंत जावें लागतें. पुरुषाच्या नळ्या कातडीच्या अगदीं खालीं असतात. १९७४ मध्यें चीन देशांतील ली शुनच्यांग नांवाच्या डॉक्टरांनीं बिनटाक्याची रीत काढली. तींत तेवढ्याच जागेपुरती भूल देऊन लहानसें छिद्र पाडतात. काम थोड्या मिनिटांत आटोपतें आणि मनुष्य त्याच दिवशीं घरीं जातो. नळी बंद झाल्यानें फक्त बीज अडतें. पुरुषत्व देणारा रस रक्तांतून शरीरभर जात असतो, त्यास धक्का लागत नाहीं.

"मग पोतीं कोण उचलील?" हा प्रश्न आम्हीं अनेकदां ऐकला आहे. कांहीं दिवस जड काम करूं नये हें खरें, पण ताकद जाते ही समजूत खोटी आहे. पोटाची शस्त्रक्रिया झालेली बाई थोड्याच दिवसांत डोक्यावर हंडा घेते, तेव्हां तिच्या ताकदीविषयीं हा प्रश्न कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

पुरुषांचें भय अगदींच निराधार आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आणीबाणींत, १९७६-७७ या एका वर्षांत, सुमारें ६२ लक्ष पुरुषांची नसबंदी झाली, आणि तींत पुष्कळ ठिकाणीं उघड जुलूम झाला. हरियाणांतील उटावड गांवास नोव्हेंबर १९७६ मध्यें पोलिसांनीं वेढा घातला व पुरुषांस धरून नेलें. १९७७ च्या निवडणुकींत लोकांनीं तें सरकार पाडलें. यावरून सक्ति वाईट हा धडा घ्यावयास हवा होता. घेतला गेला तो असा, कीं पुरुषांच्या वाटेस जाऊं नये! त्यानंतर सारा भार स्त्रियांवर गेला. १९७६ पूर्वींहि त्या सुटलेल्या नव्हत्या, पण आतां जवळजवळ त्याच उरल्या. नोव्हेंबर २०१४ मध्यें छत्तीसगडांत बिलासपुराजवळ एका शिबिरांत एकाच सर्जनानें कांहीं तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या दिवसांतील शिबिरांस गेलेल्यांपैकीं १३ जणी दगावल्या. २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशीं शिबिरें बंद करण्याचा हुकूम दिला.

कोणी म्हणेल, बायको आपण होऊन तयार होते, मग अन्याय कोठें आहे? आम्ही विचारतों, तिच्यापुढें काय ठेवलें होतें? एक तर तिनें स्वतः टेबलावर निजावें, नाहीं तर पुन्हां दिवस जाण्याचें भय बाळगावें. तिसरी वाट नवऱ्याच्या शरीरांतून जाते, आणि ती कोणी दाखविलीच नाहीं. ज्या कबुलींत तिसऱ्या वाटेचें नांवहि निघालें नाहीं, तिला पूर्ण संमति म्हणणें आम्हांस जड जातें. कित्येक बायका सर्व जाणूनहि स्वतःचेंच ऑपरेशन पसंत करितात, कारण नवऱ्याच्या शब्दावर त्यांचा भरंवसा नसतो. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. तो भरंवसा कोणीं घालविला, हें पुरुषांनींच आपल्या मनाशीं पाहावें.

येथें आपल्या लोकांविषयीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ मध्यें मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें. पुढें मिशनच्याच एका कॉलेजांत गणिताचे अध्यापक असतां या मतांपायीं त्यांस नोकरी सोडावी लागली. त्यांचीं सर्व मतें आम्हांस मान्य नाहींत. पण मूल केव्हां व्हावें यांत स्त्रीची इच्छा विचारली पाहिजे, हें त्यांचें म्हणणें आपण त्या वेळीं शांतपणें ऐकून घ्यावयास हवें होतें.

ऑपरेशन नको असेल त्यानें निरोध वापरावा, आणि तो आणावयास बायकोस न पाठवितां स्वतः जावें. जो ऑपरेशन करून घेईल त्याचें काम मात्र त्या दिवशीं संपत नाहीं, हें आम्ही मुद्दाम सांगतों. शस्त्रक्रियेनंतरहि सुमारें तीन महिने बीज शिल्लक राहूं शकतें. तोंवर दुसरा उपाय चालू ठेवावा, आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यावी. पुष्कळ जण लाजेनें तपासणीस जातच नाहींत. अशा घरीं बायकोस दिवस गेले, तर सारें गांव तिच्या चालीविषयीं कुजबुजतें, आणि चुकलेला असतो तो नवरा. क्वचित् प्रसंगीं तपासणी ठीक निघाल्यावरहि नळी पुन्हां जुळते. तसें घडल्यास बायकोस एक शब्दहि न बोलतां नवऱ्यानें आधीं आपली तपासणी पुन्हां करून घ्यावी, आणि तिचा कागद संशय घेणाऱ्या वडील माणसांपुढें स्वतः नेऊन ठेवावा.