स्वतःविषयीची साक्ष

संगणक नेटवर्किंगमधल्या पहिल्या नोकरीसाठी लिहायचा रेझ्युमे एका पानाचा असतो, पण धर्मविचाराने फार पूर्वीपासून अवघड मानलेले एक काम त्या पानावर करावे लागते: स्वतःबद्दल स्वतःच चांगले बोलणे. मराठी घरांत अशा बोलण्याला मान नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगताना आत्मस्तुतीही त्यांत मोजली आहे. पवारांच्या राज्यात धार-देवासकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आपल्या तोंडाने आपली थोरवी गाऊ नये, हेच मुलांना सांगितले जाते. मग धार जिल्ह्यातल्या बदनावरहून रतलाम-इंदूरकडे नोकरी शोधायला निघालेल्या नव्या पदवीधराने अर्जात काय लिहावे? संकोची मुलगा पदवीचे गुण लिहून थांबतो. दुसरा कुणाच्या तरी रेझ्युमेवरून ‘मेहनती’, ‘जिद्दी’, ‘संघात काम करण्यास तत्पर’ अशी विशेषणे उतरवून घेतो. दोघांचेही अर्ज वाचून झाले तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आत्मस्तुतीचा निषेध अत्यंत कठोर शब्दांत येतो तो महाभारताच्या कर्णपर्वात. कर्णाकडून घायाळ होऊन छावणीत परतलेला युधिष्ठिर अर्जुनाला गांडीव दुसऱ्याला देऊन टाकायला सांगतो. असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा असते. तो तलवार उपसतो. कृष्ण तोड काढतो: वडीलधाऱ्याला अरे-तुरे करणे हाच त्याचा वध. अर्जुन तसे करतो आणि पश्चात्तापाने स्वतःवरच शस्त्र धरतो. तेव्हा कृष्ण त्याला स्वतःची स्तुती करायला सांगतो, कारण आत्मप्रशंसा आणि आत्मवध एकच. अर्जुन आपल्या पराक्रमाचे भरभरून वर्णन करतो आणि आत्मवधाच्या संकल्पातून सुटतो. एवढ्यावर थांबले तर रेझ्युमे लिहिणे हा आत्मघातच ठरेल.

पण हाच अर्जुन विराटपर्वात वेगळ्या प्रकारे स्वतःबद्दल बोलतो, आणि तिथे त्याला कोणी दोष देत नाही. बृहन्नडेच्या वेशातला सारथी आपण अर्जुन असल्याचे सांगतो, तेव्हा विराट राजाचा मुलगा उत्तर आधी पुरावा मागतो: अर्जुनाची दहा नावे सांग. नावे ऐकूनही त्याचे समाधान होत नाही. प्रत्येक नाव कशावरून पडले तेही तो विचारतो. अर्जुन एकेका नावामागचे कारण देतो. देश जिंकून धन आणले म्हणून धनंजय, दोन्ही हातांनी गांडीव ओढता येते म्हणून सव्यसाची, उत्तरा फाल्गुनी नक्षत्रावर जन्म म्हणून फाल्गुन. भारतीय साहित्यातली ही नोकरीची पहिली मुलाखत म्हणायला हरकत नाही, फक्त मुलाखत घेणारा भेदरलेला आहे. दोन्ही प्रसंगांत बोलणारा तोच, आणि विषयही स्वतःचा पराक्रम. कर्णपर्वातले बोलणे कोणी काही जाणून घ्यायचे म्हणून मागितलेले नाही, त्याचा हेतू ‘मी’ एवढाच आहे. विराटपर्वात समोरच्याला निर्णय घ्यायचा आहे, या माणसाच्या हाती रथ आणि जीव सोपवावा की नाही हे ठरवायचे आहे, आणि त्यासाठी त्याला प्रत्येक विशेषणाचे कारण हवे आहे. म्हणजे निषेध स्वतःबद्दल बोलण्याचा नाही. कारणाशिवाय लावलेल्या विशेषणाचा आहे.

रेझ्युमेचे खरे स्वरूप यातून स्पष्ट होते. ती स्तुती नव्हे, साक्ष आहे. न्यायशास्त्राच्या भाषेत शब्दप्रमाण. ज्याचा शब्द प्रमाण मानावा त्याला ‘आप्त’ म्हणतात, आणि वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताच्या दोन अटी सांगितल्या आहेत: त्याने ती वस्तू स्वतः प्रत्यक्ष जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला सांगण्याची इच्छा त्याला असावी. स्वतःच्या कामाविषयी अर्जदार पहिली अट सहज पुरी करतो. अडते ते दुसरीपाशी.

योगसूत्रांत सत्य हा यमांपैकी एक. त्यावरच्या व्यासभाष्यात म्हटले आहे की, माणूस बोलतो ते आपल्याला झालेला बोध दुसऱ्याच्या मनात पोहोचवण्यासाठी. म्हणून ती वाणी फसवी नसावी, चुकीची नसावी आणि ऐकणाऱ्याला काहीच न कळवणारी, वांझ, अशीही नसावी. पहिले दोन दोष सर्वांना मान्य असतात. तिसरा मात्र लोक दोषांत धरतच नाहीत, आणि पहिल्या नोकरीचे बहुतेक अर्ज पडतात ते त्याच्यामुळे. ‘नेटवर्किंगचे सखोल ज्ञान’ हे वाक्य खोटे असेलच असे नाही. पण ते वाचून कोणालाही काही कळत नाही, आणि व्यासभाष्याच्या कसोटीवर ते सत्यात बसत नाही.

याच सूत्रांवर धारच्या राजा भोजाने अकराव्या शतकात ‘राजमार्तंड’ ही वृत्ती लिहिली. तिच्या आरंभी त्याने टीकाकारांवर ओढलेला ताशेरा बदनावरच्या उमेदवाराने डोळ्यांसमोर ठेवावा. जे समजायला अवघड ते हे लोक ‘अर्थ स्पष्टच आहे’ म्हणून सोडून देतात, जे सोपे त्याचाच पसारा मांडतात, आणि नको तिथे नको ते बोलून ऐकणाऱ्याला गोंधळात टाकतात, अशी त्याची तक्रार आहे. नवख्याच्या रेझ्युमेत हेच घडते. वर्ड, एक्सेल, इंटरनेट, टायपिंग यांना चार ओळी मिळतात. सबनेटिंग, व्हीलॅन आणि राउटिंग स्वल्पविरामांच्या एका यादीत उरकले जातात.

एक ओळ जवळून पाहू. मूळ मजकूर: ‘सीसीएनएचा अभ्यास केला, राउटर व स्विचची माहिती.’ हीच गोष्ट साक्षीच्या रूपात अशी येईल: ‘पॅकेट ट्रेसरवर तीन विभागांच्या कार्यालयाचे नेटवर्क उभारले; 192.168.10.0/24 या पत्त्याचे /26 चे चार सबनेट पाडून तीन वापरले, चौथा वाढीसाठी राखला. तीन व्हीलॅनमधली वाहतूक एका राउटरच्या एकाच ट्रंक जोडणीवरून नेली. डीएचसीपी राउटरवर बसवला.’ दुसऱ्या मजकुरात स्तुतीचा एकही शब्द नाही. पण वाचणाऱ्याला लगेच पडताळता येते: /26 च्या सबनेटमध्ये 64 पत्ते, त्यांतले 62 यंत्रांना देता येणारे. मुलाखतीत तो तिसऱ्या सबनेटचा ब्रॉडकास्ट पत्ता विचारील. ज्याने काम खरेच केले आहे तो 192.168.10.191 सांगेल. त्यापुढे एखादा बिघाड लिहिला तर साक्ष आणखी भक्कम होते: ‘एका विभागातल्या संगणकांना 169.254 ने सुरू होणारे पत्ते मिळत होते. स्विचचे पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये असल्याने विनंती डीएचसीपीपर्यंत पोहोचत नव्हती, पोर्ट बदलून दोष काढला.’ बिघाड लिहायला नवशिके कचरतात. कामावर घेणाऱ्याला मात्र नेमके तेच हवे असते, कारण नेटवर्कवाल्याची निम्मी नोकरी बिघाड शोधण्यातच जाते.

यात ‘पॅकेट ट्रेसरवर’, म्हणजे नेटवर्कच्या सिम्युलेटरवर, हा शब्द गाळण्याचा मोह होतो. गाळला तर वाचणाऱ्याला खऱ्या कार्यालयातले काम वाटेल. जैन विचारात यावर नेमका उपाय आहे. स्याद्वादाप्रमाणे कोणतेही विधान एका अपेक्षेने, एका बाजूने खरे असते आणि ती अपेक्षा विधानातच दिसायला हवी. बदनावरशी या परंपरेचा संबंध असू शकतो: जिनसेनाने शके 705 मध्ये, म्हणजे इसवी सन 783 मध्ये, ‘हरिवंशपुराण’ वर्धमानपुरात रचले, आणि ते वर्धमानपूर म्हणजे आजचे बदनावर, असे काही विद्वान मानतात, दुसऱ्यांच्या मते ते सौराष्ट्रातले वढवाण. (हे वाक्यही अपेक्षेसकटच लिहावे लागते.) ‘सिम्युलेटरवर’, ‘महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत’, ‘वरिष्ठांच्या देखरेखीखाली’ या शब्दांनी काम लहान होत नाही, ते कुठे उभे आहे तेवढे कळते. सीसीएनए प्रमाणपत्रालाही हाच नियम लागू. ते तीन वर्षेच चालते, म्हणून वर्ष लिहावे. आणि परीक्षा अजून दिलेली नसेल तर ‘तयारी सुरू’ असेच लिहावे.

मांडणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एक पान, साधा टंक, आणि जाहिरातीत आलेल्या तांत्रिक संज्ञा त्याच रूपात, कारण मोठ्या कंपन्यांत अर्जाची पहिली चाळणी बऱ्याचदा यंत्रच करते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात समर्थांनी लेखनक्रियेवर आख्खा समास खर्च केला आहे, अक्षर वाटोळे आणि सरळ असावे इथपासून. नेटके लिहिणे हा वाचणाऱ्याचा मान राखण्याचाच भाग आहे.

त्यापेक्षा महत्त्वाचे आहे काय गाळावे. वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती हा मजकूर लग्नाच्या बायोडेटात शोभतो, नोकरीच्या कागदावर नाही. स्विच लावता येतो की नाही याच्याशी त्यातल्या कशाचाच संबंध नाही. वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगून लगेच जोडले आहे की ते ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते. साक्षीची किंमत साक्षीदाराच्या जन्मावर ठरत नाही.

जन्म विचारला गेला की काय होते, ते कर्णाच्या कथेत आहे. द्रोणाने ब्रह्मास्त्र नाकारल्यावर कर्ण परशुरामाकडे गेला आणि आपण भार्गव ब्राह्मण असल्याचे सांगून विद्या मिळवली. मांडीत किडा शिरून रक्त वाहू लागले तरी मांडीवर झोपलेल्या गुरूची झोपमोड नको म्हणून तो हलला नाही, आणि ब्राह्मणाच्या अंगी नसते असे मानलेल्या त्या सहनशीलतेमुळेच उघडा पडला. ऐन गरजेच्या वेळी अस्त्र आठवणार नाही, हा शाप त्याला मिळाला. न केलेले काम अर्जात लिहिणाऱ्याची हीच गत होते. सर्व्हर-रूममध्ये लिंक पडलेली असताना कागदावरची विद्या आठवत नाही. मात्र कर्णाचे खोटे आणि बनावट अनुभव लिहिणाऱ्याचे खोटे एकाच तराजूत घालता येत नाही. कर्णापाशी पात्रता होती आणि दार बंद होते. बनावट अनुभववाला नेमकी नसलेली पात्रताच दाखवतो.

तरी दार बंद करणाऱ्याचा वाटा उरतोच. बदनावर तालुक्यातल्या भैंसोला येथे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी 17 सप्टेंबर 2025 रोजी झाली. अशा पार्कात कारखाने उभे राहतात तेव्हा यंत्रमाग आणि शिलाईबरोबर कॅमेरे, हजेरीयंत्रे, गोदामातले वायफाय आणि त्यांचे जाळे सांभाळणारी माणसेही लागतात. त्या जागांच्या जाहिरातीत ‘नवोदितांसाठी’ असे शीर्षक आणि खाली ‘दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ अशी अट असेल, तर व्यासभाष्यातले दोष जाहिरातीलाही लागतात: नवख्याला बोलावून परत पाठवणारी ती वाणी फसवी आहे, आणि खऱ्या गरजेबद्दल काही न सांगणारी म्हणून वांझही. अशा जागेसाठी अर्जदाराने अनुभवाच्या रकान्यात प्रयोगशाळेतले काम प्रयोगशाळेतले म्हणूनच लिहावे. आणि जाहिरात देणाऱ्याने वर्षे मोजण्याऐवजी उमेदवारापुढे एक स्विच, दोन केबल आणि मुद्दाम घातलेला एक बिघाड ठेवावा.