सात ग्रह आणि देवाचे अवतरण

कुंभ राशीच्या दिशेला सुमारे ४० प्रकाशवर्षांवर ट्रॅपिस्ट-१ हा लाल बटुतारा, म्हणजे सूर्याच्या मानाने लहान, थंड आणि मंद तारा आहे. त्याचे ग्रह पृथ्वी आणि तारा यांच्या मधून जाताना ताऱ्याचे तेज ठरावीक काळाने किंचित उणावते, आणि या अधिक्रमणांवरूनच तेथे साधारण पृथ्वीएवढे सात ग्रह असल्याचे २०१७ साली जाहीर झाले. त्यांपैकी तीन ग्रह जीवयोग्य पट्ट्यात, म्हणजे पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा अंतरावर, फिरतात. तेथे जीवसृष्टी असल्याचा पुरावा नाही. तथापि ती असू शकते एवढ्यानेच धर्मचिंतनापुढे प्रश्न उभा राहतो की, मानवासाठी घडलेले देवाचे अवतरण अन्य जगांतील सज्ञान जीवांसाठीही पुरेसे मानावे काय.

ख्रिस्ती धर्मशास्त्राला हा प्रश्न विशेष जड जातो, कारण त्याच्या केंद्रस्थानी एकदाच घडलेली देहधारणा आहे. सर्व जडद्रव्याचे स्वाभाविक केंद्र एकच असल्याने दुसरे जग संभवत नाही, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. परंतु १२७७ साली पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी जी २१९ विधाने निषिद्ध ठरवली, त्यांत ‘आदिकारणाला अनेक जगे निर्माण करता येत नाहीत’ या आशयाचेही एक होते, आणि अशा रीतीने एका बंदीहुकुमानेच अनेक जगांच्या विचाराला वाट मोकळी करून दिली. त्याआधी थॉमस अक्वायनस याने जग एकच मानूनही, दैवी व्यक्तीचे सामर्थ्य एका मानवी देहधारणेने संपत नाही, असे प्रतिपादले होते. उलट पंधराव्या शतकातील गिओम द व्होरिलाँ या फ्रान्सिस्कन विद्वानाच्या मते ख्रिस्ताचे येथील मरण इतर जगांनाही तारण्यास समर्थ होते. या दोहोंत अक्वायनसची भूमिका अधिक उदार वाटते, कारण ती देवाच्या कृतीला मानवी इतिहासाची सीमा घालत नाही.

अनंतकोटी ब्रह्मांडनायकाची उपासना करणाऱ्या परंपरेला हा प्रश्न सुटलेलाच आहे, असे मराठी वाचकाला वाटेल. पण पुराणांतील ब्रह्मांडे ईश्वराच्या अमर्यादतेच्या चिंतनातून आली आहेत, प्रकाशाच्या मोजमापातून नव्हे, आणि त्याच पुराणांनी भारतवर्षालाच कर्मभूमी, म्हणजे कर्माने मोक्ष साधण्याची भूमी, म्हटले आहे. तेव्हा इतर जगांतील जीवांना मोक्षाचा अधिकार कोणत्या आधारावर द्यायचा, हे येथील तत्त्वचिंतकांनीही स्पष्टपणे मांडायला हवे.