सातला सात म्हणतो का?

माती पाण्यात ढवळून मोजण्याआधी पीएच मीटर ७.०० च्या बफरमध्ये धरायचा, मग धुऊन, टिपून (पुसून नव्हे) ४.०० च्या. परवा घाईत हे राहिलं. एका शेतकऱ्याला ८.७ सांगितलं, वर जिप्समचा सल्लाही दिला. संध्याकाळी बफरमध्ये धरला, तर सातच्या जागी ७.४. पीएचची मोजपट्टी लॉगची, तिथे ०.४ म्हणजे अडीच पट.

मी खोटं बोललो नव्हतो, मला तसंच दिसलं होतं. पण दशांशासकट आकडा सांगताना आवाजात जी खात्री होती, ती मी कमावलेली नव्हती. बफरच्या बाटलीवरचा आकडाही मी विश्वासानेच घेतो म्हणा. कुठेतरी थांबावं लागतं. मी मात्र त्याच्या कितीतरी अलीकडे थांबलो होतो.

रात्री फोन लावला. पहिलं वाक्य निघालं ते असं: “काका, मीटर जरा बिघडला होता.”